न्हाऊमाखू

"हा रंगवायला किती वेळ लागतो?" शेल्फवरच्या बोटभर योद्ध्याकडे बघून पाहुणे हमखास विचारतात. रंगवण्याआधी किती वेळ जातो, हे मात्र कुणी विचारत नाही.

घरगुती रेझिन प्रिंटरमधून वीरपुरुष बाहेर येतो तोच उलटा लटकलेला, अंगभर चिकट आणि सपोर्टच्या काड्यांत गुरफटलेला. तिथून पुढे त्याची सगळी व्यवस्था तान्ह्या बाळाची: आधी न्हाणं, मग ऊन. फक्त या बाळाला उघड्या हातांनी धरायचं नाही. कच्चं रेझिन त्वचेला बाधतं, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घालायचे आणि खिडक्या सताड उघड्या ठेवायच्या.

न्हाणं आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये. इंजेक्शनआधी दंडावर फिरणाऱ्या कापसाचा वास घरभर पसरतो आणि शेजारच्या काकू काळजीनं डोकावून जातात. पहिली आंघोळ वापरलेल्या अल्कोहोलमध्ये, दुसरी स्वच्छात. गढूळ झालेलं मोरीत ओतायचं नाही. काचेच्या बरणीत झाकून उन्हात ठेवलं की त्यातलं रेझिन घट्ट होऊन तळाशी बसतं. वरचं गाळून पुन्हा वापरायला घ्यायचं. आमच्या काटकसरी घराला या छंदातली एवढी एकच गोष्ट मनापासून पटली आहे.

सपोर्ट काढायचे ते कोमट पाण्यात, आणि पक्कं वाळवण्याआधी. रेझिन एकदा कडक झालं की काडीबरोबर कानही हातात येतो. अंगावरचं अल्कोहोल पूर्ण उडाल्यावर मग ऊन. या रेझिनला बहुधा 405 नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. त्यासाठी दिव्याची पेटी विकत मिळते, पण एप्रिलातल्या गच्चीवर तेच काम फुकटात होतं. फार वेळ ठेवलं मात्र, तर रंग पिवळट पडतो आणि तलवार नुसत्या नजरेनं तुटेल इतकी ठिसूळ होते. पोकळ मूर्तीच्या पोटात ओलं रेझिन राहिलं तर ती पुढे कधीतरी, शेल्फवर दिमाखात उभी असताना, तडकते.

मग येतात पुटकुळ्या. जिथे सपोर्ट टेकला होता तिथे बारीक उंचवटा उरतो, आणि तो नेमका हनुवटीखाली नाहीतर काखेत असतो. बारीक काचपेपर पाण्यात भिजवून घासायचं, कारण ती धूळ नाकात जाणं चांगलं नाही. शत्रूच्या काखा इतक्या मायेनं कोणत्याच सेनापतीनं साफ केल्या नसतील.

शेवटी प्रायमर. पावसाळ्यात स्प्रेचा डबा हातातही घेऊ नये. दमट हवेत थर पांढुरका, खरखरीत बसतो. कोरड्या दिवशी राखाडी प्रायमर एकसारखा बसला, की आतापर्यंत अर्धपारदर्शक अंगात लपलेली प्रत्येक रेघ, सुटलेली प्रत्येक पुटकुळी ठळक दिसू लागते. पुन्हा काचपेपर. काही मंडळी म्हणे हे काम मुद्दाम संध्याकाळच्या अंधुक उजेडात उरकतात. मी त्यांना नावं ठेवत नाही.