हुबेहूब!

चरित्रपट पाहून बाहेर पडलेला मराठी प्रेक्षक पार्किंगमधून स्कूटर काढता काढता एकच शेरा मारतो, ‘काय हुबेहूब दिसलाय हो!’ मिशी जमली, पगडी बसली, घाम आला तरी खोटं नाक जागचं हललं नाही, की चरित्र जमलं. आमच्याकडे 2011 साली बालगंधर्व, 2015 साली लोकमान्य आणि 2018 साली काशिनाथ घाणेकर असे तिघेही सुबोध भावे यांच्यासारखे दिसत होते. चौथ्या थोर पुरुषानं आत्ताच त्यांच्या तारखा घेऊन ठेवलेल्या बऱ्या.

या हुबेहूबपणाला रॉबी विल्यम्स नावाच्या ब्रिटिश गायकानं 2024 मध्ये शेपूट लावलं. तसं म्हणायलाही सोय नाही, कारण चिंपांझीला शेपूट नसतं. ‘बेटर मॅन’ या त्याच्या चरित्रपटात तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चिंपांझी आहे. दिग्दर्शक मायकल ग्रेसीनं रॉबीशी तासन्‌तास गप्पा मारल्या, तेव्हा हा गडी बोलता बोलता स्वतःला नाचवलं जाणारं माकड म्हणायचा. ग्रेसीनं शब्द पकडला. हालचाली जॉनो डेव्हिस या नटाच्या, अंगावरची लव कॉम्प्युटरची, डोळे मात्र रॉबीचे. आणि सिनेमातल्या एकालाही त्याचं काही वाटत नाही. आजी त्याला सोफ्यावर शेजारी बसवून लाड करते, पोरी मागे लागतात.

गोष्ट तशी नेहमीची. स्टोक-ऑन-ट्रेंटचा पोरगा. बाप गायक सिनात्राचा भक्त, स्टेजच्या नादानं घर सोडून गेलेला. सोळाव्या वर्षी ‘टेक दॅट’ या बँडमध्ये भरती, 1995 मध्ये बाहेर, मग दारू आणि कोकेन. दारू प्यालेल्या माकडाला विंचू चावल्याची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. इथे विंचवाचं नाव प्रसिद्धी.

2003 मध्ये नेबवर्थच्या मैदानावर तीन रात्रींत त्याला ऐकायला पावणेचार लाख माणसं आली. सिनेमातला रॉबी त्या गर्दीत डोकावतो, तर त्याचीच जुनी रूपं त्याच्याकडे डोळे वटारून उभी! एवढी माणसं जमवली आणि बघायला आलं कोण, तर आपणच. तो त्यांच्यावर तुटून पडतो. इथे एखादा देखणा नट असता तर आपण त्याचा विग न्याहाळत बसलो असतो. माकडाचा विग कोण तपासणार? मग नाइलाजानं आतल्या माणसाकडे बघावं लागतं.

अर्थात स्वतःला माकड म्हणवून घेण्यातही मिजास असतेच. गोष्ट रॉबीची, सांगणारा आवाज रॉबीचा, गाणी रॉबीची. माकड तोच, मदारीही तोच. खेळावर साधारण 11 कोटी डॉलर लागले आणि थाळीत पडला जेमतेम पाचवा हिस्सा. ब्रिटनबाहेर, विशेषतः अमेरिकेत, मुळात हा रॉबी कोण, इथपासूनच तयारी होती. ज्याचा चेहराच कुणाला ठाऊक नाही, त्याचा चेहरा झाकून काय मिळवणार?

तरी मला या खुळेपणाचा हेवा वाटला. आमच्याकडे थोर माणसाचं माकड करायचं नुसतं मनात आणा. वारस नोटीस काढतील, पाठोपाठ मोर्चा निघेल आणि सिनेमाआधी थिएटरच्या काचा फुटतील. म्हणून आम्ही देव दाखवतो. देवाचं एक बरं असतं, मेकअप नीट झाला की पुढचं काही विचारायचं नसतं.

सिनेमा संपल्यावर जुन्या खोडीनं मी फोनवर खऱ्या रॉबीचा फोटो काढून पाहिला. गोरा, अंगभर गोंदलेला, पन्नाशीचा गृहस्थ.

छे! अजिबात हुबेहूब नाही.