नमुना कसा घ्यावा

साहित्य: एक बादली, १५ मीटर सुती दोरी, काचेच्या बुचाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटल्या (जाताना मोजून न्याव्यात, येताना एक कमी भरतेच), बर्फाचा खोका, रबरी हातमोजे, न पुसला जाणारा मार्कर आणि मुठा नदी. नदी शोधावी लागत नाही. डेक्कनला उतरून नाक नेईल तिकडे चालत राहावं.

पुण्यात पर्यावरणशास्त्राला प्रवेश घेतला की मुळा-मुठेवर प्रकल्प करावासा वाटतोच. त्यात नदीप्रेम असतं हे खरं, आणि शेअर रिक्षाने जाता येतं हेही खरं.

ठिकाणं वरून खाली निवडत यावीत: विठ्ठलवाडी, भिडे पूल, संगम, बंडगार्डन, मुंढवा. तुलनेसाठी एक ठिकाण स्वच्छ लागतं. त्यासाठी खडकवासला धरणाच्याही वर जावं लागेल, कारण धरणाखाली पावसाळ्यातला विसर्ग सोडला तर मुठेत वाहतं ते बहुतेक शहराने वापरून परत केलेलं पाणी. ते प्यायच्या पाण्याइतकंच इमानदारीने रोज येतं, आणि त्याच्यात कपात कधी जाहीर होत नाही.

महिना कोणता निवडावा? तुम्हाला काय सिद्ध करायचंय त्यावर आहे. ऑगस्टमध्ये विसर्ग चालू असताना, भिडे पूल पाण्याखाली गेला म्हणून अर्धं पुणं मोबाइल उगारून काठावर उभं असताना नमुना घेतला, तर नदी अगदी गुणी निघते. तीच मे महिन्यात तोंड दाखवत नाही. दिवसाच्या वेळेचंही तसंच. शहराच्या आंघोळी आणि धुणीभांडी नाल्यात उतरतात तेव्हा एक आकडा, रात्री शहर झोपल्यावर दुसरा. आमच्या आधीच्या तुकडीचा एक सुंदर तक्ता प्रयोगशाळेत लावला होता. रंगीत, दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत. नमुने कधी घेतले ते कुठेच नव्हतं. तो तक्ता पुढे पाण्याच्या पिंपाखाली अंथरायला गेला, आणि ती त्याची योग्य जागा होती असं माझं मत आहे.

आता पूल. बादली सोडली की पाच मिनिटांत माणसं जमतात. "मासे धरताय?" "चावी पडली का?" "पेपरात येणार का हे?" एक काकू निर्माल्याची पिशवी हातात घेऊन तुमचं काम संपायची वाट बघत उभ्या राहतील, कारण जाळीतली फट नेमकी तुम्ही अडवलेली असते. त्यांना प्रदूषणावर व्याख्यान देऊ नये. बाजूला व्हावं. पुलावर त्या वेळी नमुने दोन असतात, एक बादलीत आणि दुसरा दोरी धरून उभा.

विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलर पद्धत १८८८ची आहे आणि अजून तिला तोड नाही. बाटली पाण्याने काठोकाठ भरावी, बुडबुडा राहता कामा नये. तिथेच, पुलावरच, मँगनीज सल्फेट घालावं, मग अल्कली आयोडाइड. बूच लावून बाटली उलटसुलट करावी आणि साका बसू द्यावा. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, काढ्यासारखा. नसेल तर पांढराच राहतो. बंडगार्डनला मी पहिल्यांदा केलं तेव्हा बाटलीत फाटलेल्या दुधासारखा पांढराशुभ्र साका बसला आणि मी खुशीत सरांना दाखवायला नेला. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि एवढंच म्हणाले, "यात मासा टाकलास तर बुडून मरेल." आंघोळीच्या पाण्यासाठी लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा असा आपला निकष आहे. पांढऱ्या साक्याचं पुढे टायट्रेशन करायचीही गरज नसते.

मग बीओडी, म्हणजे पाण्यातले जिवाणू घाण खाताना किती प्राणवायू संपवतात ते. इंग्लंडमध्ये ही चाचणी पाच दिवसांची ठरली, कारण तिथल्या नद्या तेवढ्यात समुद्राला मिळतात असं सांगतात. आपली मुळा-मुठा भीमेला मिळते आणि उजनीत बसून राहते. आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवसही चालतात. नमुना आधी भरपूर पातळ करावा, नाहीतर जिवाणू पहिल्याच रात्री सगळा प्राणवायू फस्त करतात आणि हाती काहीच लागत नाही. या तीन दिवसांत इन्क्युबेटरची वीज जाणार हे गृहीत धरावं. नमुन्यांच्या फ्रिजमध्ये कोणी दुधाची पिशवी ठेवली तर वाद घालू नये, फक्त त्या दिवशी विभागात चहा घेऊ नये.

रसायनं परवडत नसतील तर तळाचा गाळ चाळावा. लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या सापडल्या तर त्या न चावणाऱ्या, डासांसारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या, म्हणजे कायरोनॉमिडच्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून प्राणवायू नसलेल्या चिखलातही त्या मजेत राहतात. माशांबद्दल फार लिहीत नाही. फ्रेझर यांनी १९४२ साली पुण्याच्या माशांची यादी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. ती एकदा वाचावी आणि मग कोळ्यांना विचारावं जाळ्यात काय येतं. चिलापी येतो. तो त्या यादीतला नाही.

प्रबंधाच्या शेवटी "अधिक संशोधनाची गरज आहे" असं लिहायची पद्धत आहे. लिहा, परीक्षकांना बरं वाटतं. पण पुढच्या महिन्यात त्याच तारखेला, त्याच पुलाच्या त्याच खांबापाशी, सकाळी त्याच वेळेला पुन्हा जा, आणि त्याच्या पुढच्या महिन्यातही. आणि बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ पुलावर उभ्या उभ्याच लिहा. हात ओले असतात, बर्फ लावला की मार्कर उमटत नाही.