जुळं गाव

परवा शेजारच्या एका नगरपालिकेत गेलो होतो. नाव विचारू नका, तिथं आमच्या सोयरिकी आहेत. सभागृहात एसी चालू, भिंतीवर पडदा आणि हातात रिमोट घेतलेला पुण्याचा एक तरतरीत पोरगा. विषय होता डिजिटल ट्विन. म्हणजे गावाचा संगणकातला जुळा भाऊ. रस्ते, गल्ल्या, कचराकुंड्या, घंटागाड्या सगळं त्यात जसंच्या तसं. पडद्यावर गाव उमटलं आणि सभागृह चाट पडलं. आपलं गाव इतकं देखणं आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. नाल्या निळ्याशार, झाडं हिरवीगार.

"समजा, आज आठवडी बाजार आहे," म्हणत पोरानं बटण दाबलं. कुंड्या हिरव्याच्या पिवळ्या झाल्या, पिवळ्याच्या लाल. घंटागाडीनं आपणहून वाट बदलली, बाजारातून एक चक्कर मारली, कुंड्या पुन्हा हिरव्या. चहा यायच्या आत बाजार साफ. टाळ्या पडल्या.

मागच्या बाकावरून एक म्हातारे सदस्य उठले. "बाळा, ह्यात डुकरं कुठं दिसनात?"

"सर, ती मॉडेलमध्ये घेतलेली नाहीत."

"मग कचरा उचलला कुणी?"

पोरगा गोड हसला आणि पुढच्या स्लाइडवर गेला.

आता खरं सांगायचं तर कल्पना खोटी नाही. 1970 साली अपोलो 13 अंतराळात बिघडलं, तेव्हा नासाच्या लोकांनी जमिनीवरच्या नकली यानात आधी प्रयोग करून पाहिले, मग वर सूचना धाडल्या आणि तिघं जण जिवंत परतले. या विद्येचं मूळ तिथं सांगतात. सिंगापूरनं 2014 मध्ये अख्ख्या शहराची अशी प्रत करायला घेतली. आपल्या दूरसंचार विभागानंही फेब्रुवारी 2024 मध्ये 'संगम' नावानं डिजिटल ट्विनचा उपक्रम जाहीर केला. गाडीचं डिझेल वाचवायचं, कुठल्या गल्लीला कधी फेरी हवी ते ठरवायचं, तर रस्त्यावर चुका करण्यापेक्षा संगणकात केलेल्या बऱ्या.

फक्त एक बारीक फरक आहे. अपोलोतली माणसं खरं बोलत होती. ऑक्सिजन गळतोय तर गळतोय म्हणाली. त्यांनी 'ऑक्सिजन शंभर टक्के, फोटो सोबत जोडला आहे' असा अहवाल खाली पाठवला असता, तर नासानं टाळ्या वाजवल्या असत्या आणि यान आजही फिरत असतं.

आपल्याकडं जुळं गाव पडद्यावर आत्ता आलं. कागदावर ते केव्हाचं नांदतंय. घनकचऱ्याचे नियम 2016 मध्ये आले. ओला, कोरडा आणि घरगुती घातक असा कचरा घरातच वेगळा करून द्यायचा, असं त्यात होतं. कागदावरच्या गावात तो वेगळा होतोच. त्याच साली 73 शहरांपासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं, तेव्हापासून तर कागदावरच्या गावाची प्रकृती फारच सुधारली. पाहणीचं पथक यायचं असलं की भिंतीवर झाडू आणि हसरी कचराकुंडी रंगवली जाते. पथक गेलं की त्याच भिंतीखाली पिशव्या येऊन पडतात. संगणकाला बिचाऱ्याला यातलं कोणतं गाव द्यायचं? रजिस्टर दिलं की तो रजिस्टरचाच जुळा काढणार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येईल?

आणि यंत्रं? कुंडीच्या झाकणाला आतून सेन्सर लावतात. तो आवाजाची लहर खाली सोडतो, ती कचऱ्यावर आपटून किती वेळात परत येते त्यावरून कुंडी किती भरली ते कळतं. हुशार वस्तू आहे. पण आपण कचरा कुंडीच्या दिशेनं टाकतो. कुंडीत टाकायचा असतो हा तपशील झाला. भोवती कमरेएवढा ढीग आणि आत सेन्सर सांगतोय, कुंडी रिकामी. तोही खोटं बोलत नाही हो.

'समजा असं झालं तर' हा प्रयोग मराठवाड्यानं संगणकाशिवाय एकदा केलेला आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहराचा कचरा वर्षानुवर्षं त्यांच्या दारात पडत होता. मग शहराचा कचरा शहरातच राहिला. दुसरी जागा शोधता शोधता मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. कुंड्या लाल झाल्या की पुढं काय होतं, हे त्या सिम्युलेशनमध्ये पुण्याच्या पोराच्या पडद्याहून कितीतरी स्पष्ट दिसलं होतं.

उद्या ही जुळ्या गावाची यंत्रणा आमच्या निलंग्याला आलीच, तर माझी तिला एकच परीक्षा आहे. निलंगा राईसचा द्रोण. आमच्या गावाचं नाव लातूर-पुण्याच्या गाड्यांवर मिरवतं ते या पिवळ्याधमक भातानं. खाऊन झाल्यावर त्या चकचकीत द्रोणात काय उरतं बघा : चार घास भात, मिरचीचं देठ, पिळलेलं लिंबू, वर चुरगाळलेला कागद. हा ओला की कोरडा? मी घंटागाडीवरच्या एका मावशींना विचारलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "काय विचारूलालाव मालक? तुमी टाकता, आमी बोटानं खरवडताव. हातमोजं पंधरा दिसांत फाटतेत." पडद्यावरच्या घंटागाडीवर मावशी नव्हत्या. गाडी होती, चाकं होती, घंटासुद्धा होती.

आकाशातून बघण्याचं म्हणाल, तर निलंग्याला त्याचं अप्रूप नाही. 2019 च्या शिवजयंतीला कलाकार मंगेश निपाणीकरांनी इथं सहा एकर शेतात शिवछत्रपतींची प्रतिमा उगवून दाखवली. बांधावर उभं राहिलं तर नुसती हिरवळ. ड्रोन वर गेलं की महाराज. पण तिथं आधी रान तयार झालं, बी पडलं, पाणी दिलं गेलं. ड्रोन सगळ्यात शेवटी आलं. कचऱ्यात आम्ही ड्रोनपासून सुरुवात करतोय.

असो. जुळं गाव येईल तेव्हा येईल, त्याची निविदा निघायची आहे. तोवर एवढंच करा : गाड्यावर उभं राहून खाल्लं की द्रोणातला उरलासुरला भात हिरव्या डब्यात झटका आणि मग द्रोण निळ्या डब्यात टाका. डबे नसतील तर गाडेवाल्याला मागा.