टक्केवारी कुठे आहे?

‘पेशींचं नूतनीकरण’ हे शब्द हल्ली महागड्या बाटल्यांवर ठळक छापलेले असतात. पेशी तर आपणहूनच नव्या होतात. तरुण त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत बदलतो, वय वाढलं की हा वेग मंदावतो. बाटली त्यात नेमकी किती भर घालते?

या बाटल्यांत असतं ते रेटिनॉल थोतांड नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाचंच ते एक रूप. त्वचेत शिरल्यावर दोन टप्प्यांत त्याचं रेटिनॉइक आम्ल होतं, खरं काम तेच करतं. पण उजेड आणि हवा लागली की रेटिनॉल निकामी होत जातं. तरी ते रुंद तोंडाच्या डबीत का विकतात?

हेच आम्ल थेट औषध म्हणून मिळतं: ट्रेटिनॉइन. अमेरिकेत १९७१ साली मुरमांवर आणि १९९५ साली बारीक सुरकुत्यांवर त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे त्याची ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, महागड्या सीरमपेक्षा कितीतरी स्वस्तात मिळते. जाहिरात मात्र सीरमचीच.

हे औषध तपासलं कुणावर? फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर. बहुतेक कृष्णवर्णीय. प्रयोग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांचे. त्या विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने माफी मागितली ती २०२१ मध्ये. तोवर क्लिगमन यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

सुरकुत्या जगाच्या, कातडी कैद्यांची.

युरोपीय संघाने २०२४ मध्ये चेहऱ्याच्या प्रसाधनांत रेटिनॉलची मर्यादा ठरवली: ०.३ टक्के. आपल्या हातातल्या बाटलीत किती आहे? अनेकींवर आकडाच नसतो. किंमत तेवढी छापलेली असते.

आता आपल्या गल्लीतलं बघा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड एकत्र असलेली क्रीम वांगावर, थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावायची असते. आपल्याकडे ती गोरं होण्यासाठी महिनोन्‌महिने लावली जाते. त्वचा पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते.

दुकानदाराने चिठ्ठी मागितली होती?

गरोदरपणात रेटिनॉइड (रेटिनॉल, ट्रेटिनॉइन वगैरे) टाळायचं असतं. सुरुवातीला साल निघते, जळजळतं. रात्री लावायचं, तेही वाटाण्याएवढंच. हे जाहिरातीतल्या नितळ चेहऱ्याने कधी सांगितलं?

त्वचा अकाली म्हातारी होते ती मुख्यतः उन्हाने. दिवसा सनस्क्रीन नसेल, तर रात्रीच्या महागड्या थेंबाचं काम सकाळचं ऊनच पुसून टाकतं.

म्हणून मागणी साधी आहे. बाटलीवर टक्केवारी छापा आणि चिठ्ठीचं औषध चिठ्ठीशिवाय विकू नका. चेहरा आमचा आहे, त्यावर काय लावतोय ते कळण्याचा हक्कही आमचाच.