पाहिजे : खापरासाठी एक माथा

ज्या आसनावर बसलेल्या शेवटच्या दोन गृहस्थांपैकी एकास बडतर्फीचा हुकूम मिळाला आणि दुसऱ्यास ‘परस्परसंमती’ या सभ्य नावाखाली निरोपाचा नारळ मिळाला. ज्या आसनाच्या कर्तव्यांविषयी नेमणारे, नेमला जाणारा आणि तटस्थपणे पाहणारे या तिघांचे आजतागायत एकमत झालेले नाही. आणि ज्यावरून उठताना माणूस बसतानापेक्षा हमखास दहा वर्षांनी थकलेला दिसतो, त्या आसनासाठी 2025 च्या जुलै महिन्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या दफ्तरी 170 अर्ज दाखल झाले, ही वार्ता वाचून आम्हांस भारतीय फुटबॉलचे कौतुक वाटावे की जगभरच्या प्रशिक्षकांच्या बेकारीची कणव यावी, याचा निर्णय आम्ही अद्याप केलेला नाही. राष्ट्रीय पुरुष संघाचा प्रशिक्षक ही ती जागा. ती रिकामी झाली की महासंघाची तांत्रिक समिती रीतसर बसते, हे खरे. परंतु त्या समितीच्या कितीतरी आधी, आणि तिच्याहून कितीतरी अधिक गांभीर्याने, देशातील समस्त फुटबॉलप्रेमी बसलेले असतात.

त्या वर्षीच्या बैठकीस एक अपूर्व रंग चढला, तो अर्जदारांच्या यादीत झावी यांचे नाव आढळल्यामुळे. स्पेनला 2010 साली विश्वचषक मिळवून देणाऱ्या संघाचा मेंदू आणि नंतर बार्सिलोनाचा प्रशिक्षक असलेल्या या पुरुषाने ईमेलद्वारे आपल्याकडे चाकरी मागावी, ही वार्ता वृत्तपत्रांतून झळकली. आणि तिच्या पाठोपाठ, अशा माणसाचा खर्च आपल्याला झेपणार नाही म्हणून त्याच्या अर्जाचा विचार झाला नाही, अशीही वार्ता झळकली. दुसऱ्या वार्तेने पहिलीला जी प्रतिष्ठा दिली ती केवळ अवर्णनीय होती. झावीला मिळविणारी राष्ट्रे जगात दोन-चार असतील, पण झावीला परवडत नाही म्हणून परत पाठविणारे राष्ट्र आम्हीच, या विचाराने अनेकांची छाती भरून आल्याचे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

आमचे एक मंडळ आहे. कूपरेजच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका इराण्याच्या हॉटेलात ते भरते, आणि त्यात एक निवृत्त मामलेदार, एक वकीलसाहेब, महाविद्यालयात शिकणारा एक विद्यार्थी आणि मौन पाळण्याच्या अटीवर प्रस्तुत लेखक इतक्यांचा समावेश होतो. झावीच्या अर्जाची बातमी आली त्या संध्याकाळी मामलेदारांनी चहा बशीत ओतून घेतला, फुंकर घातली आणि एखाद्या जमिनीच्या दाव्याचा निकाल द्यावा तशा संथ स्वरात ते म्हणाले, “अहो, झावी येईल हो, पण त्याला सरावाला मैदान कुठले देणार? मांडव उठल्याशिवाय आपल्याकडे मैदान मोकळे होते का?” त्यावर वकीलसाहेब उसळून म्हणाले, “मामलेदारसाहेब, मैदानाचा मुद्दा गौण आहे. त्याची पद्धत आपल्या मुलांना झेपणार आहे का, हा मूळ मुद्दा आहे.” विद्यार्थ्याने मोबाइलवरून दृष्टी न काढता तोडगा सुचविला : “काका, टिकीटाका राहू द्या. आपल्याला लो ब्लॉक आणि काउंटर. त्याला खालिद जमीलच पाहिजे.” लो ब्लॉक म्हणजे काय, हे मामलेदारांनी विचारले नाही, सरकारी नोकरीत चाळीस वर्षे घालविलेल्या माणसास खाली बसून वाट पाहण्याचे तंत्र समजावून सांगावे लागत नाही.

एक-दोन दिवसांतच महासंघाने जाहीर केले की झावी आणि पेप ग्वार्दिओला या उभयतांच्या नावे आलेले ईमेल अस्सल नव्हते. कोणा खोडसाळ माणसाने ते धाडले होते. कोणत्याही सुसंस्कृत समाजात एवढ्यावर वाद मिटला असता. आमच्या मंडळात तो नव्या जोमाने पेटला. वकीलसाहेबांचे म्हणणे असे पडले की, पत्र खोटे असेल, परंतु मुद्दा खरा होता; आणि खऱ्या झावीने खरा अर्ज केला असता तर आपण तो खरोखरच फेटाळला असता काय, हा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. त्या प्रश्नावर पुढील दोन बैठका खर्ची पडल्या.

या वादात मुख्यत्वे तीन पक्ष आहेत. पहिला विदेशी पक्ष. बॉब हॉटन, विम कूव्हरमान्स, स्टीफन कॉन्स्टंटाइन, इगोर स्टिमाच, मनोलो मार्केझ अशी या पक्षाची गुरुपरंपरा असून, साहेब आल्याखेरीज शिस्त येत नाही, हे त्याचे आद्यसूत्र आहे. तो साहेब इंग्लंडचा असो, क्रोएशियाचा असो की स्पेनचा, सूत्रात फरक पडत नाही. दुसरा पुनर्नियुक्ती पक्ष. गेलेल्या माणसास परत बोलवावे, कारण त्याच्या चुका आपल्याला परिचित आहेत, असा याचा सौम्य आग्रह. आणि दोन वेळा या पदावर येऊन गेलेले कॉन्स्टंटाइन तिसऱ्यांदा अंतिम तिघांच्या यादीत आले तेव्हा या पक्षाने समाधानाचा सुस्कारा सोडला. तिसरा स्वदेशी पक्ष. 2012 साली गोव्याचे सावियो मदेरा पायउतार झाल्यापासून तोवर एकाही भारतीयास ही जागा मिळालेली नव्हती, ही त्याची जुनी जखम; आणि सय्यद अब्दुल रहीम हे त्याचे आराध्य दैवत.

रहीमसाहेबांचे नाव निघाले की विदेशी पक्षाचे लोकदेखील क्षणभर आवाज खाली आणतात, आणि ते उचितच आहे. हैदराबादच्या या शाळामास्तराने 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारताला चौथ्या स्थानावर नेले, तेथे मुंबईच्या मैदानांवर गाजलेल्या नेव्हिल डिसूझा यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, आणि 1962 साली जकार्तामध्ये दक्षिण कोरियास 2-1 असे नमवून रहीमसाहेबांच्याच संघाने आशियाई सुवर्णपदक आणले. हे सर्व स्वदेशी पक्षाच्या जिभेवर असते. जे नसते ते असे की, 1952 साली हेलसिंकीच्या थंडीत, काही खेळाडू अनवाणी असताना, याच रहीमसाहेबांचा संघ युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा हरला होता. आजच्या हिशेबाने दहाव्या गोलापूर्वीच त्यांच्या उत्तराधिकाऱ्याच्या नावावर तीन पक्षांत मतदान झाले असते. त्या काळच्या मंडळींना ही तत्परता साधली नाही. चार वर्षांनी तोच मास्तर मेलबर्नला संघ घेऊन गेला, आणि आज आपण ज्याची शपथ घेतो तो इतिहास त्या दिरंगाईमुळे घडला.

याखेरीज एक चौथा पक्ष आहे, त्याचे अनुयायी उघडपणे बोलत नाहीत. 2022 च्या जून महिन्यात कोलकात्यात आशियाई चषकाची पात्रता फेरी चालू असताना, अफगाणिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी प्रशिक्षकांनी आपल्या अकरा खेळाडूंची यादी एका ज्योतिष्याकडे धाडली, आणि प्रत्येक नावापुढे शेरा मारून ती परत आली, असे वृत्तपत्रांनी पुढे उघडकीस आणले : अमक्याचा दिवस उत्तम, तमक्याचा सामान्याहून उणा, अमुक एकाने फाजील आत्मविश्वास आवरावा, तमुक एकास आज खेळवू नये. सुशिक्षितांनी यावर पुष्कळ नाके मुरडली; परंतु कंबोडिया, अफगाणिस्तान आणि हाँगकाँग हे तिन्ही सामने भारताने त्या फेरीत जिंकले, ही वस्तुस्थिती आहे, आणि त्यानंतर पूर्ण शास्त्रीय पद्धतीने संघ निवडणाऱ्या मार्केझ यांना आठ सामन्यांत एकच विजय मिळाला, हीही वस्तुस्थितीच आहे. इतका उज्ज्वल पूर्वेतिहास असताना 170 अर्जांत ज्योतिषी महाशयांचा अर्ज का नव्हता, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला, तेव्हा मामलेदार शांतपणे म्हणाले, “त्यांना त्या खुर्चीचे भविष्य दिसत असणार.”

हे सर्व पक्ष इतक्या तळमळीने भांडत असताना भांडण नेमके कशाविषयी आहे, याचा आम्ही दीर्घकाळ विचार केला, आणि आमच्या अल्पमतीप्रमाणे ते पुढच्या पराभवाच्या कारणाविषयी आहे. विदेशी प्रशिक्षक नेमला, तर ‘त्याला आपली माणसे कळली नाहीत’ हे कारण तयार राहते. देशी नेमला, तर ‘त्याला साधने मिळाली नाहीत’ हे. आणि जुनाच परत आणला, तर ‘आम्ही आधीच सांगितले होते’ हे, जे सर्वांत सुखद होय. प्रशिक्षकाची निवड म्हणजे खापर फोडण्यासाठी माथ्याची आगाऊ निवड, आणि ज्याला त्याला आपल्या आवडीच्या माथ्यावर ते फुटावे असे वाटत असल्यामुळे वाद विकोपास जातो, इतकेच. तेव्हा महासंघाने यापुढे जाहिरातीत आडपडदा ठेवू नये, अशी आमची नम्र सूचना असून, तिचा मसुदा लोकहितार्थ खाली देत आहोत.

“पाहिजे : राष्ट्रीय संघाकरिता एक माथा. उमेदवार देशी वा विदेशी चालेल. माथा रुंद आणि खापर सोसण्याजोगा असावा. गोल करणारा खेळाडू महासंघातर्फे पुरविला जाणार नाही. तो उमेदवाराने स्वतः पैदा करावा. शिबिरासाठी खेळाडू क्लबांच्या मर्जीनुसार मिळतील. देशातील लीग चालू असेलच, अशी हमी देता येत नाही. विजयाचे श्रेय खेळाडूंस, पराभवाचे उमेदवारास. कराराची मुदत वाढवून दिल्यास ती बडतर्फीची पूर्वसूचना समजावी. जन्मपत्रिकेची नक्कल सोबत जोडावी. ईमेल अस्सल असावा.”

यांतील एकही कलम आमच्या कल्पनेतून निघालेले नाही. स्टिमाच यांचा करार 2023 च्या ऑक्टोबरमध्ये 2026 पर्यंत वाढविण्यात आला आणि 2024 च्या जूनमध्ये त्यांना घरी धाडण्यात आले. त्या वाढीव कागदाची किंमत म्हणून चार लाख डॉलरची भरपाई मोजावी लागली, ती निराळीच. गोल करणाऱ्याची गोष्ट अशी की, 2024 च्या जूनमध्ये साश्रुनयनांनी निवृत्त झालेल्या सुनील छेत्री यांना पुढच्याच मार्चमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, निवृत्तीतून परत यावे लागले. आणि त्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक, म्हणजे 14 गोल करणारे भारतीय तेच ठरले. क्लब पुढची जागा परदेशी खेळाडूला देतात, कारण क्लबांनाही सामने जिंकायचे असतात. मग राष्ट्रीय संघाला पुढचा खेळाडू कोठून मिळावा, हा प्रश्न महासंघ प्रशिक्षकास विचारतो, प्रशिक्षक क्लबांस विचारतो, आणि क्लब पुन्हा परदेशाकडे पाहतात. महिंद्र युनायटेडसारखा, राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा संघ 2010 साली बंद झाला तेव्हा आमच्या मंडळात किती मिनिटे चर्चा झाली, हे मामलेदारांना विचारले असता, त्या वर्षी आपण प्रामुख्याने विश्वचषकाविषयी बोलत होतो, असे त्यांनी स्मरणपूर्वक सांगितले.

आणि लीगचे कलम? ज्या जुलै महिन्यात हे 170 अर्ज आले, त्याच जुलै महिन्यात महासंघ आणि त्याचे व्यापारी भागीदार यांच्यातील करार संपत आल्यामुळे इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगामच स्थगित करण्यात आला. म्हणजे देशाचा संघ कोणी शिकवावा, यावर देशभर रणे माजली असताना त्या संघातील खेळाडूंनी खेळावे कोठे, हे कोणालाही ठाऊक नव्हते. आमच्या मंडळात या बातमीचा उल्लेख झाला. परंतु करारांचा विषय रुक्ष, त्यात कोणाचा चेहरा नाही, कोणाची खुर्ची नाही, कोणाच्या माथ्यावर काही फोडता येत नाही, म्हणून तो चहाबरोबरच संपला.

अखेर 1 ऑगस्टला खालिद जमील यांची नियुक्ती झाली. महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळलेला, मुंबईच्या फुटबॉलमध्ये घडलेला, आणि ऐजॉलसारख्या लहान क्लबला 2017 साली आय-लीगचे विजेतेपद मिळवून देणारा हा माणूस. तेव्हा स्वदेशी पक्षाने पेढे वाटले, आणि आमच्या विद्यार्थ्याने मामलेदारांच्या पैशांनी आम्हां सर्वांना मस्कापाव खिलविला. महिना-सव्वा महिन्यातच ताजिकिस्तानवर विजय आला, ओमानला पेनल्टींवर नमवून काफा नेशन्स कपमध्ये तिसरे स्थान आले, आणि विदेशी पक्ष काही काळ अज्ञातवासात गेला. मग ऑक्टोबरात मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने 2-1 असे हरविले, आशियाई चषकाची वाट बंद झाली; आणि नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशाने 22 वर्षांत प्रथमच भारतावर विजय मिळविला.

ढाक्याचा सामना संपला तेव्हा रात्र झाली होती, तरी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्याइतका धीर वकीलसाहेबांना नव्हता. फोनवरूनच त्यांनी मंडळाची तातडीची सभा बोलाविली, विषयपत्रिकेत एकच विषय घातला, आणि पहिल्या पाच मिनिटांत चार उमेदवारांची नावे पुढे आली, ज्यांपैकी दोन विदेशी, एक माजी आणि एक अद्याप खेळत असलेला होता. खालिद यांना चार वर्षे द्यावी, अशी सूचना प्रस्तुत लेखकाने मौनाची अट मोडून मांडली. तिला अनुमोदन मिळाले नाही, आणि अट मोडल्याबद्दल त्या रात्रीचा चहा आमच्या नावावर लिहिण्यात आला. लीग स्थगित होवो, करार संपो, क्लब बंद पडो, मैदानावर मांडव पडो. पुढचा प्रशिक्षक कोण, या वादाचा हंगाम तेवढा आपल्या देशात एकदाही पुढे ढकलला गेल्याचे ऐकिवात नाही.