जर्मनचा भाव काय?

तीर्थपुरीत एकट्यानं पीक घ्यायची पद्धत नाही. शेजाऱ्यानं मोसंबी लावली की आपली मोसंबी, त्यानं ऊस लावला की आपला ऊस. भाव पडला तर सगळ्यांचाच पडतो आणि मग पारावर बसून एकत्र शिव्या देता येतात. त्यामुळे आठवीतल्या पुतणीनं शाळेतून परदेशी भाषेचा फॉर्म आणला, तेव्हा दादानं तो वाचायच्या आधीच विचारलं, "बाकीच्यांनी काय भरलं?"

फॉर्म साधा होता. शाळा सुटल्यावर तासभर ऑनलाइन वर्ग. जर्मन, फ्रेंच, जपानी. एकीपुढं बरोबरची खूण करायची आणि खाली पालकाची सही. विद्यार्थ्याच्या सहीला जागाच नव्हती. वहिनीनं तो फॉर्म खताच्या पावत्यांबरोबर खुंटीला अडकवला आणि तिथून तो पुढचा आठवडाभर घर चालवू लागला.

एक मात्र बरं झालं, भांडण झालं नाही. भाषेवरून भांडायला महाराष्ट्राला जवळची भाषा लागते. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, तर २९ जूनला तो मागं घेईपर्यंत सगळं राज्य तापलं होतं. जर्मनवरून कुणी तापत नाही. लांबच्या भाषेचा आपण फक्त भाव विचारतो.

भाव ठरवायला शनिवारी शाळेत पालकसभा भरली. बाकं लेकरांच्या मापाची. मोसंबीच्या बागा सांभाळणारी भारदस्त माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. एका निवृत्त गुरुजींनी प्रास्ताविक केलं. आमच्या तालुक्यात प्रास्ताविक कशाचंही असो, ते जांबवरून जातं, कारण समर्थ रामदासांचं ते जन्मगाव आमच्याच घनसावंगी तालुक्यात आहे. गुरुजी म्हणाले, दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं यावरच आहे. लेखणी, शाई, समास सोडणं, सगळं समर्थांनी सांगून ठेवलंय. मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, जर्मनचं काय सांगितलं?" गुरुजी बसले.

दादा जर्मनवाला. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, ते त्यानं पेपरात वाचलं होतं. परिचारिका, वाहनचालक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर. सुरुवातीला दहा हजार जण. राज्याचं नाव त्याला उच्चारता येत नव्हतं म्हणून तो "ते बाडेन का काय ते" म्हणायचा. पण तिथला पगार रुपयांत किती होतो, हे तो न अडखळता सांगायचा. त्याची मुलगी तेरा वर्षांची आहे, तिला प्लंबर व्हायचं नाही आणि घरातला नळ गेल्या दिवाळीपासून गळतोय, या तीन गोष्टी वहिनीनं सभेतच सांगितल्या. जर्मनचा भाव तिथं थोडा उतरला.

मग मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान चालवणारे एक काका उठले. "माल सगळा चायनाचा, मग यादीत चिनी काहून नाही?" प्रश्न बिनतोड होता. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात चिनी होती. २०२० मध्ये धोरण पक्कं झालं, तेव्हा कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन अशा सगळ्या राहिल्या आणि चिनी गळाली. सरांनी हे समजावून सांगितलं. काका म्हणाले, "म्हंजी चार्जर चालतो, भाषा चालत नाही." उत्तर देता येणार नाही असा विषय सभेत निघाला की सर चष्मा घालतात. तो त्यांनी घातला.

फ्रेंचची बाजू ट्यूशनवाल्या मॅडमनी लढवली. त्यांचं म्हणणं एका शब्दात, स्कोअरिंग. दहावीला संस्कृत कशाला, तर स्कोअरिंग. अकरावीला फ्रेंच कशाला, तर स्कोअरिंग. भाषेच्या जागी आयटी घेता येतं, तर तेही स्कोअरिंग. आपल्याकडं पोरांची भाषांशी ओळख होते ती अशी, गुणपत्रिकेतून. मॅडमनी नमुन्याला फळ्यावर फ्रेंच आकडे मांडले. ऐंशी म्हणजे चार वीस. नव्वद म्हणजे चार वीस दहा. सभा हसली. एवढे पुढारलेले लोक आणि ऐंशीला स्वतःचा आकडा नाही!

आमची आजी मात्र हसली नाही. ती खरं तर रेशनच्या कामाला निघाली होती, सावली दिसली म्हणून आत येऊन बसली होती. "त्यात हसायसारकं काय हाय?" ती म्हणाली. "म्या जलमभर आसंच मोजते. चार इसा आन वर धा. अंडी मोजा, न्हायतर कडबा." मॅडमनी फळ्याकडं पाहिलं, मग आजीकडं. साऱ्या सभेत फ्रेंच मोजणी आधीपासून येणारी ती एकटीच निघाली. पण तिचं वय वर्गात बसत नव्हतं.

जपानीला सुरुवातीला कुणी वाली नव्हता. अक्षरं बघूनच लोक दचकले. हिरागानाची शेहेचाळीस, काताकानाची शेहेचाळीस, आणि एवढ्यावर भागलं असं वाटतं तोच रोजच्या वापरातल्या कांजी २,१३६. मग सरांनी माहिती दिली की २०२१ मध्ये भारत आणि जपानचा करार झालाय. परीक्षा दिलेल्या कुशल कामगारांना तिकडं घेतात, आणि त्यातल्या कामांत शेतीसुद्धा आहे. सभा सुन्न झाली.

"म्हंजी हितं कांदे काढायला माणूस मिळंना, आन आपली पोरं जपानात जाऊन कांदे काढणार?" एकानं विचारलं.

त्याच्या शेजारचा, ज्याचा मुलगा तिशी ओलांडून शेती करतोय आणि ज्याचे पाच एकर बघून पाहुणे चहा पिऊन परत जातात, तो हळूच म्हणाला, "काढू द्या ना. शेतीच करतो, पण जपानात करतो, म्हणलं की पोरगी मिळंल." जपानीचा भाव तिथून चढायला लागला.

एवढ्यात आमचे आबा खाकरले. नव्वदीच्या घरातला माणूस, खाकरला की गाव थांबतं. "आमच्या टायमाला फारम नव्हता," ते म्हणाले. "निजाम होता. त्याला बरोबरची खूण लागत नव्हती."

तेव्हा मराठवाडा हैदराबाद संस्थानात. कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत, १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतून शिकवणारं. घरच्यांनी त्या काळातला चालू भाव बघून आबांना उर्दूत घातलं. मास्तरांच्या छडीखाली पीक जरा डोक्याएवढं आलं, तोच १७ सप्टेंबर १९४८ उजाडला आणि संस्थान भारतात आलं. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. कचेरी मराठी झाली. आबांची उर्दू घरात पडून राहिली. मुलांनी चेष्टा केली, नातवंडांनी तर तिला भाषाच मानलं नाही.

आणि मग आलं २०२३. आमच्या शेजारच्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण देशभर गाजलं. निजामाच्या काळातल्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. जुनी दप्तरं सुटली, आणि आत काय, तर मोडी आणि उर्दू. घरोघरी ट्रंका उघडल्या. वाचणारा कोण? सहा महिने आबांच्या ओसरीवर चपलांना जागा नव्हती. पणजोबाचं नाव कुठल्या ओळीत आहे हे आबांनी बोट ठेवून दाखवलं की समोरचा वाकून पाया पडायचा. चेष्टा करणारी तीच मुलं आता "नंबर लावा" म्हणून गर्दी आवरत होती.

"पंच्याहत्तर वर्सांनी भाव आला," आबा म्हणाले. "आता तुमी मला सांगा, जर्मनचा भाव कधी येनार?"

कुणीच सांगितलं नाही. मला वाटतं, त्या दिवशी सभेत शहाणपणाचं एवढंच बोललं गेलं. भाव बघून भाषा घेणाऱ्यानं एक तर सरकार टिकेल अशी खात्री बाळगावी, नाहीतर शंभर वर्षं जगायची तयारी ठेवावी. दोन्ही आपल्या हातात नाही. हातात राहते ती आवड. आवडीनं शिकलेली भाषा विकली गेली नाही तरी घरात खाता येते.

सरांनी मग गाडीवाटचं उदाहरण दिलं. छत्रपती संभाजीनगरपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, नेटची बोंब. २०१९ मध्ये तिथल्या शिक्षकांनी चौथी ते आठवीच्या मुलांनाच विचारलं, कुठली परदेशी भाषा शिकायची? बहुतेक मुलांनी जपानी सांगितली. कारण काय, तर रोबो आणि तंत्रज्ञान तिकडचं. पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये जपानीच्या एका जाणकारानं त्यांना ऑनलाइन शिकवलं, तेही फुकट. शिकलेली मुलं बाकीच्यांना शिकवायला लागली.

"मग आपल्या लेकरांना विचारलं का?" वहिनी म्हणाली.

विचारलं नव्हतं. लेकरं बाहेर व्हरांड्यात खिडकीला नाकं लावून उभी होती. आत घेतलं. हात वर करायला सांगितलं. जर्मनला दोन हात, त्यातला एक ज्याचे वडील समोर बसले होते त्याचा. फ्रेंचला तीन. बाकी सगळं जंगल जपानीला. कारण विचारलं तर एका सुरात उत्तर आलं, "डोरेमॉन!"

आम्ही तासभर बाडेन-व्युर्टेंबर्ग, स्कोअरिंग आणि कांदे करत होतो, आणि निकाल बाविसाव्या शतकातून आलेल्या एका निळ्या रोबो मांजरानं कधीच लावून ठेवला होता. पुतणीनं आणखी खुलासा केला. "टीव्हीवर तो हिंदीत बोलतो. ते त्याचं बोलणं नाही ना, काका. तो खरं कसं बोलतो ते ऐकायचंय."

आबांनी निजामासाठी भाषा शिकली, मी साहेबासाठी इंग्रजी शिकलो, दादा पोरीला पगारासाठी जर्मनमध्ये घालत होता. समोरच्याचं नुसतं ऐकावंसं वाटलं म्हणून भाषा मागणारी आमच्या घरातली ही पहिलीच.

वर्ग सुरू झालाय. पुतणी संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं घोकते आणि आजी शेंगा फोडत ऐकते. जपानीत क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं, असं पुतणीनं तिला समजावलं. "म्हंजी माणूस काय म्हनतो ते कळायला शेवटपतोर ऐकावं लागतं," आजी म्हणाली. "तुझ्या बापाला ही भाषा जमनार न्हाई."

बाप मात्र हल्ली आठवडी बाजारात भेटेल त्याला सांगतो, "आपण तर पहिल्यापासून जपानीच म्हणत होतो." आणि गेल्या आठवड्यात पलीकडच्या आळीतल्या तिघांनी त्याला गाठून विचारलं, "फॉर्म कुठं मिळतो? तुम्ही भरलाय म्हणल्यावर आम्हीबी तेच भरतो."