गुरुजी-भटजी-मीमांसा

विषय. मराठी माणसाचा देवाशी व्यवहार क्वचितच थेट होतो. मध्ये कोणीतरी लागतेच. या मधल्या माणसाला काय म्हणावे, हा प्रस्तुत अधिकरणाचा विषय आहे. मीमांसकांनी कोणत्याही वादाचे पाच भाग पाडले: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. त्यांनी ही हत्यारे यज्ञावर चालवली, आम्ही यज्ञ सांगणाऱ्यावर चालवतो आहोत. दक्षिणेचा प्रश्न दोन्हीकडे आहेच.

संशय. एकाच गृहस्थाला गुरुजी, भटजी, भट, उपाध्ये, शास्त्रीबुवा आणि भिक्षुक म्हटलेले आम्ही ऐकले आहे. हे सहा शब्द एका अर्थाचे मानावेत की सहा अर्थांचे? एका अर्थाचे मानले तर भाषा उधळी ठरते. सहा अर्थांचे मानले तर गृहस्थ बहुरूपी ठरतो.

पूर्वपक्ष. पूर्वपक्षी म्हणतो, शब्द कामावरून पडला, यात कसला संशय? देवळात पूजा करतो तो गुरव, पंचांग सांगतो तो जोशी, कुळाची कार्ये चालवतो तो उपाध्ये, स्मशानातली कामे करतो तो किरवंत. क्षेत्रागणिक शब्द निराळे. तुळजापुरात भोपे, कोल्हापुरात श्रीपूजक. पंढरपुरात तर विठ्ठलाकडे बडवे आणि रखुमाईकडे उत्पात. देवाच्या घरीसुद्धा सासर-माहेरची माणसे वेगवेगळी. कामे वाटलेली, म्हणून शब्द वाटलेले.

हे दिसायला सुबक आहे, पण टिकत नाही. ग्रामजोशाचेच पाहा. जोशीपण हे वतन होते, बलुत्याचे होते. 1873 साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला आणि भटाविना लग्ने लागू लागली, तेव्हा गावोगावचे जोशी कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे सरळ होते: लग्न कोणीही लावा, दक्षिणा आमची. काम न करता मोबदला मागणाऱ्याला कामावरून नाव पडले, असे कोणता तर्क म्हणेल? हा हक्क मोडायला मुंबई इलाख्यात 1926 चा कायदा यावा लागला. वतन गेले, शब्द आडनावात जाऊन बसला. आज बँकेत कर्ज मंजूर करणाऱ्या जोश्यांना उद्याची तिथी विचारून पाहावी. ते आधी मोबाइल बघतील.

उत्तरपक्ष. आमचा सिद्धांत असा: शब्द बोलणाऱ्याच्या गरजेवरून पडतो. गरज चढली की शब्दाला 'जी' लागतो, उतरली की गळतो. प्रत्यक्ष प्रमाण म्हणून कोणत्याही सोसायटीतला सत्यनारायण घ्यावा.

आठवडा आधी फोन होतो: "गुरुजी, श्रावणातला रविवार आहे, नाही म्हणू नका." रविवारी सकाळी चौरंगाला केळीचे खुंट बांधून झाले, सव्वा किलोचा शिरा मुरत ठेवला, यजमान सोवळे सावरत गॅलरीत उभा. आतून प्रश्न येतो: "भटजी आले का हो?" साडेदहा वाजतात. "भटजींचा पत्ता नाही अजून." अकराला: "हा भट आणखी चार ठिकाणी कबूल करून बसला असणार." इतक्यात खाली स्कूटर थांबते, हेल्मेट निघते, पिशवीतून ताम्हन-पळीचा आवाज येतो. "या, गुरुजी, या! ट्रॅफिक असेल ना?"

व्याकरणाच्या अभ्यासकांनी इथे क्रियापदाकडे लक्ष द्यावे. फोनवर 'तुम्ही', साडेदहापर्यंत आदरार्थी बहुवचन, अकराला निखळ एकवचन आणि दाराची बेल वाजताच पुन्हा बहुवचन. अर्ध्या तासात 'आले'चा 'आला' होतो आणि एका बेलीत 'आला'चा 'आले'. कथेचे अध्याय पाच, तिसऱ्यानंतर यजमानाचा मुलगा हळूच विचारतो, "गुरुजी, पुढचे जरा भरभर घेता येतील?" प्रसादाच्या वासानेही गरज बदलते, हे त्याचे उपप्रमेय.

काही आक्षेपांचा परिहार येथेच करतो.

'गुरुजी' हा शब्द शाळामास्तरांचाही आहे. मग घोटाळा होत नाही का? होतो, पण फलदायी होतो. 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात साने गुरुजींनी हरिजनांना विठ्ठलमंदिर खुले व्हावे म्हणून उपोषण केले. पूजा सांगणाऱ्यांच्या विरोधात उभा राहिलेला माणूसही गुरुजीच, आणि देऊळ उघडले ते त्याच्या उपासाने.

पौरोहित्य करणाऱ्या बाईला काय म्हणावे? पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवले, त्या लग्ने-मुंजी लावतात. भाषा मात्र पाटावर बसायला तयार नाही. भटीण म्हणजे भटाची बायको, शास्त्रीणबाई म्हणजे शास्त्रीबुवांची. यजमान मग 'ताई' म्हणून वेळ मारून नेतो. गरज नवी, शब्द अजून वाटेत आहे.

इतर धर्मांत हा नियम लागू आहे का? पोर्तुगिजांबरोबर आलेला 'पाद्री' लांबून बोलायचा शब्द. वसईत समोर माणूस आला की तो फादर. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षही फादर दिब्रिटोच होते. प्रॉटेस्टंट असल्याने ना. वा. टिळक रेव्हरंड झाले, आणि मराठी जिभेने ती उपाधी विनातक्रार गिळली.

आता सर्वांत भक्कम पुरावा. बडव्यांचे पंढरपुरातले वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने संपले. पूर्वपक्ष खरा असता तर काम गेल्यावर शब्दही जायला हवा होता. झाले उलटेच. निकालाच्या आधीच, 2005 साली, शिवसेना सोडताना राज ठाकरे यांनी आपले भांडण विठ्ठलाशी नसून भोवतालच्या बडव्यांशी असल्याचे सांगितले, तेव्हापासून हा शब्द राजकारणात कायम नोकरीला लागला आहे. 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली तेव्हा छगन भुजबळांनी शरद पवारांना विठ्ठल म्हटले आणि दोष बडव्यांच्या पदरात टाकला. पक्ष सोडणाऱ्याची सोय पाहा: देवाला दुखवायचे नाही, देऊळ तर सोडायचे आहे. ही गरज दुसरा कोणताही मराठी शब्द भागवत नाही. न्यायालयाला बडव्यांचा हक्क काढता आला. शब्दाला हात लावायला मात्र कलम नव्हते.

निर्णय. मध्यस्थाचे नाव मध्यस्थाविषयी काही सांगत नाही, नाव घेणाऱ्याचे काम झाले की अडले एवढेच सांगते. सबब, कोणी कोणाला गुरुजी म्हणाले म्हणून गुरुजींनी हुरळू नये, भट म्हणाले म्हणून रागावू नये. आणि यजमानांना नम्र सूचना: दक्षिणा पाकिटात घालताना तरी बहुवचन सोडू नका; पुढच्या श्रावणातही रविवार चारपाचच असतात.